मूत्रमार्गातल्या ई. कोलायवर पेरूच्या पानांचा अर्क कसा तपासावा

मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय हा जीवाणू असतो. पेरूच्या पानांचा अर्क त्याला रोखतो का, हे कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत तपासता येते. कंट्रोल (तुलनेसाठीच्या चाचण्या) नीट लावले नाहीत तर मात्र साधा अर्कही गुणकारी दिसतो.

पाने धुऊन सावलीत खडखडीत वाळवा. ओल राहिली तर बुरशी धरते. २० ग्रॅम भुकटी २०० मिली ७० टक्के इथेनॉलमध्ये, तोंड झाकून, ४८ तास शेकरवर (हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) ठेवा. मलमलीतून, मग व्हॉटमन नंबर १ या गाळणकागदातून गाळा. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंश सेल्सिअसला आटवा आणि वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. इथे घाई करू नका, कारण मागे राहिलेले अल्कोहोलही जीवाणू मारते. १०० मिग्रॅ अर्क आधी ०.१ मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, मग निर्जंतुक पाणी घालून १ मिली करा.

प्लेटमध्ये म्युलर-हिंटन आगरचा (जीवाणू वाढवण्याच्या माध्यमाचा) थर ४ मिमी हवा. पातळ थरावर झोन (जीवाणू न वाढलेले वर्तुळ) उगाच मोठा येतो. ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचे प्रमाण) इतके गढूळ कल्चर (वाढवलेले जीवाणू) स्वॅबने तीन दिशांनी पसरा. रुग्णाच्या कल्चरबरोबर एटीसीसी २५९२२ हा ई. कोलायचा प्रमाण जीवाणूही लावा. ६ मिमीच्या कॉर्क बोररने खळगे पाडून प्रत्येकात ५० मायक्रोलीटर अर्क भरा. तुलनेसाठी एका खळग्यात नुसते १० टक्के डीएमएसओ भरा. वेगळ्या प्लेटवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची चकती ठेवा. प्रमाण जीवाणूवर तिचा झोन १९ ते २६ मिमीत आला नाही तर सगळ्या प्लेट रद्द. प्लेट ३५ अंशांना ठेवून १६ ते १८ तासांनी झोन मोजा. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय फेकू नका.

झोन चकतीएवढा आला म्हणून अर्क जेंटामायसिनच्या तोडीचा ठरत नाही. खळग्यात ५ मिग्रॅ अर्क आहे, म्हणजे चकतीतल्या औषधाच्या ५०० पट. शिवाय अर्कातल्या टॅनिनचे मोठे रेणू आगरमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे लहान झोनही फसवतो. आवळ्यासारखा आंबट अर्क असेल तर त्याच पीएचच्या आम्लाचा खळगा हवाच.

म्हणून एमआयसी (वाढ रोखणारी अर्काची सर्वांत कमी मात्रा) काढा: ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ब्रॉथमधून (पातळ माध्यमातून) दुप्पट-दुप्पट विरल करत जा, मिलीमागे ५ लाख जीवाणू ठेवा. अर्काच्या रंगामुळे गढूळपणा दिसत नाही, तेव्हा रेझाझुरिन हा निळा रंग घाला. वाढ असेल तिथे निळ्याचा गुलाबी होतो. पण अर्कातली पॉलिफेनॉलही हा रंग बदलू शकतात, म्हणून जीवाणू न घातलेली अर्काची एक रांग ठेवा.