जुन्या सायकलची चेन सटकते? आधी स्केल लावा

चढावर जोर दिला की चेन दात सोडते. बहुतेक पोट्टे मागचे नट ढिले करून चाक मागे ओढतात. चार दिवस बरे जातात, मग तेच. दोष बहुधा चेन झिजल्याचा असतो.

चेन ताणून एका पिनच्या मध्यापासून 24 कड्या मोजा. नवी चेन बरोबर 12 इंच भरते. 12 इंच 1 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरली तर बदला, आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र, तेही सोबतच. जुन्या दातांवर नवी चेन बसत नाही, पहिल्याच चढावर उडी मारते. बसवल्यावर मधोमध अर्धा इंच झोल ठेवा.

पॅडल मारताना 'टक' असा गचका बसत असेल तर चेनला हात लावू नका. दोष कॉटर पिनचा, म्हणजे पॅडलचा दांडा (क्रँक) आसाला घट्ट धरणाऱ्या पाचरीसारख्या पिनचा. काढताना नट आट्यांच्या टोकापर्यंत ढिला करून तिथेच राहू द्या, क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू द्या, मग एकच दणका. टेकू नसेल तर मार बेअरिंगच्या वाट्यांवर जातो. नवी पिन हातोडीने ठोकून बसवा, नटाने ओढू नका, आटे जातात. दोनेक दिवस चालवून नट पुन्हा आवळा.

पावसाळ्यात काळी माती मडगार्डात गच्च भरून चाक जाम होते. काडी सायकललाच बांधून ठेवा.

आणि कापसाच्या बंडीला मागून घंटी लांबूनच द्या, बैल बुजतात.