जुन्या गाडीला दुसरा शॉकअप बसवताय? या चुका टाळा

आपल्या विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ताही तिच्यासोबत वरखाली होतो. त्यात पांदणीतून वावरापर्यंतची ये-जा. जुन्या झेन, इंडिका, वॅगन आरचे पुढचे शॉकअप यातच जातात. तालुक्याला कंपनीचा माल मिळत नाही, मग दुकानदार दुसराच शॉकअप काढून देतो, "बसते जी भाऊ, काही होत नाही."

बोल्ट बसला म्हणजे शॉकअप जुळला, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. पुढचा शॉकअप म्हणजे स्ट्रट, तो नुसते धक्के खात नाही, चाक उभे धरतो आणि स्टिअरिंगसोबत फिरतो. म्हणून जुना आणि नवा शेजारी-शेजारी आडवे ठेवून टेपने मोजा : खालच्या दोन छिद्रांमधले अंतर आणि त्यांचा व्यास, तिथून स्प्रिंग जिच्यावर बसते त्या बशीपर्यंतची उंची, रॉडची जाडी, वरचे आटे. बशी १० मिलिमीटर वर असली, तर गाडीची ती बाजूही जवळपास तेवढीच उचलली जाते. मग रॉड पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून लांबी घ्या. दाबलेली लांबी जास्त निघाली तर मोठ्या खड्ड्यात स्ट्रट आतून ठोकतो. ओढलेली जास्त निघाली तर चाक लटकताच ब्रेकचा पाइप ताणतो, ॲक्सलच्या जॉइंटवरही जोर येतो. डावा-उजवाही बघा, ब्रेक पाइपची क्लिप दोन्हीकडे उलट बाजूला असते.

नुसते गाडीचे नाव सांगून माल मागवू नका. वॅगन आर २०१० मध्ये बदलली, स्विफ्ट २०११ मध्ये. नाव तेच, सांगाडा वेगळा. आरसीवरचा चेसिस नंबर दाखवा, जुन्या स्ट्रटवरचा पार्ट नंबरही पुसून वाचा.

खडखड आली की लगेच शॉकअपवर खापर फोडू नका. लिंक रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रटचे वरचे माउंट हे आसपासचे भाग आधी हलवून बघा. स्ट्रटच्या बॉडीवर तेलाचा पुसट ओलावा चालतो. तेल ओघळत असेल किंवा बोनेट दाबून सोडल्यावर गाडी डोलतच राहत असेल, तर मात्र स्ट्रट गेला. तेव्हा डावा-उजवा जोडीनेच बदला.

भोक पाडून तेल भरून दिलेला स्ट्रट पुढे अजिबात बसवू नका. गॅसच्या शॉकअपला भोक पाडणे तर धोक्याचेच, कारण आत दाब असतो.

आणि हात जोडून सांगतो, स्प्रिंग तारेने बांधून वरचा नट खोलू देऊ नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात किंवा जबडा फोडते. मिस्त्रीकडे स्प्रिंग दाबून धरायचा स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल, तर काम जिल्ह्याच्या गावी न्या. चाकांच्या अलाइनमेंटचे मशीनही बहुधा तिथेच मिळेल, आणि स्ट्रट बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर नवे टायर एका काठाने घासतात.