मेट्रोनोम लावला होता, तरी सहा महिने गेले

ऑक्सिजन कमी झाल्यावर बॅरोरिफ्लेक्स कसा बदलतो, म्हणजे रक्तदाब हलला की नाडी बदलून तो सावरणारी शरीराची आपोआप क्रिया, यावर प्रबंध करणार असाल तर हे तुमच्यासाठी. ईसीजी, बोटावरून सतत रक्तदाब, मास्कमधून 12-13 टक्के ऑक्सिजन. मांडणी साधारण अशीच असते. मी जिथे अडकलो तेवढं नीट सांगतो.

श्वासाची गती बदलली की नाडीही बदलते, म्हणून मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक गतीने टकटक करणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला 15 श्वास ठरवले. वाटलं, काम झालं. पण ठरली होती फक्त गती. ऑक्सिजन कमी झाला की कॅरोटिड बॉडी, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ओळखणारी मानेतली छोटी गाठ, जागी होते आणि माणूस त्याच ठोक्यावर खोल श्वास घ्यायला लागतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. त्याचा दाब पाऱ्याच्या 40 मिमीवरून 33 वर आला तरी समोरचा पोरगा शांत बसलेला, मेट्रोनोमची टकटक चालू, आणि आपण आकडे लिहितोय. मग रिफ्लेक्स बदलला तो कशाने? ऑक्सिजन कमी झाल्याने, कार्बन डायऑक्साइड उतरल्याने, की खोल श्वासाने? नंतर कितीही गणित करा, सुटत नाही. माझ्या 22 जणांच्या नोंदी अशाच बाद झाल्या. लक्षात आणून दिलं आमच्या लॅबमधल्या नानांनी: "डॉक्टर, पोराची छाती पहा, भात्यासारखी चालतेय."

कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, नसेल तर हा विषय घेऊच नका. असेल तर आत घेतल्या जाणाऱ्या हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळत तो सुरुवातीच्या आकड्यावर धरून ठेवा. श्वासाची खोली तरीही वाढेल, तीही नोंदवा.

पैसे वाचवायला, ऑक्सिजन कमी करण्यासाठी नायट्रोजनचं सिलिंडर स्वतः जोडू नका. खरंच नका. जीव गुदमरल्यासारखा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने. इथे तो साचत नाही, त्यामुळे माणूस तक्रार न करता बेशुद्ध पडतो. बोटावरचा ऑक्सिमीटर मागून चालतो, थंड बोटावर तर आणखीच. तयार मिश्रण घ्या, शेजारी डॉक्टर हवा, ऑक्सिजन कितीवर आला की थांबायचं तो आकडा आधी लिहून ठेवा.

रिफ्लेक्सचा जो आकडा सॉफ्टवेअर आयता काढून देतं, त्यावर माझा विश्वास नाही. एक चुकार ठोका सगळं बिघडवतो. गाइड मोठ्या नावाचा नसला तरी चालेल, पण तुमच्याबरोबर बसून एकेक ठोका पाहणारा हवा. आणि जळगावच्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत नोंदी घेऊ नका, उष्म्याने नाडी आधीच चढलेली असते.

घाबरू नका मात्र. दुसऱ्या फेरीत 14 जणांच्या नोंदी चार महिन्यांत झाल्या, प्रबंधात त्याच गेल्या.