घराचा लिलाव झाला, तरी वसुलीवाला फोन करतोय? उत्तर असं द्या

समजा, गृहकर्ज थकलं आणि बँकेनं कोल्हापूरजवळच्या पाचगावचा फ्लॅट ताब्यात घेऊन लिलावात विकला. काही वर्षांनी अनोळखी नंबरवरून फोन येतो : "दादा, अजून चार लाख निघतात. आज पाच हजार टाका, पुढचं मी बघतो." यावर कुणी "घर गेलं, कर्ज फिटलं" म्हणून भांडतं, कुणी घाबरून पाच हजार पाठवतं. दोन्ही चूक. लिलावाच्या पैशात कर्ज भागलं नाही, तर सरफेसी कायदा 2002 (तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) च्या कलम 13 (10) प्रमाणे उरलेली रक्कम मागता येते. पण त्यासाठी बँकेला कर्जवसुली न्यायाधिकरणात किंवा दिवाणी कोर्टात अर्ज करावा लागतो. फोनवर नुसता आकडा सांगून भागत नाही.

आधी काही कबूल करू नका, काही भरू नका

सगळ्यात महत्त्वाचं हेच. कोर्टात दावा लावायची मुदत संपण्याआधी थोडी रक्कम भरली किंवा सही करून बाकी मान्य केली, तर मुदत कायद्याच्या कलम 18 आणि 19 मुळे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतं. मुदत संपल्यावर "फेडतो" असं सहीनिशी लिहून दिलंत, तर करार कायद्याच्या कलम 25 (3) खाली तेही अंगाशी येतं. "पाच हजार टाका" या गोड बोलण्यामागे बऱ्याचदा हाच हिशेब असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरही "पुढच्या महिन्यात बघू" असलं काही लिहू नका. फोनवर एवढंच सांगा : "जे असेल ते लेखी पाठवा."

दारात माणूस आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, दोन्हींचा फोटो घ्या. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. "पोलीस घेऊन येतो" ही धमकी पोकळ असते, कारण बाकी वसुली हा दिवाणी मामला आहे. अपवाद चेकचा. कर्ज घेताना दिलेला कोरा चेक वटवायला टाकून, तो न वटल्याबद्दल कलम 138 ची नोटीस आली, तर 15 दिवसांच्या आत वकील गाठा.

मग पत्र पाठवा

पत्र बँकेच्या शाखेला आणि वसुली कंपनीला, दोघांनाही पाठवा. कोल्हापुरात रमणमळ्यातल्या मुख्य पोस्टातून पोच मिळेल असं स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा. मजकूर साधारण असा :

"आपण सांगितलेली रक्कम मला मान्य नाही. हे पत्र म्हणजे कर्जाची कबुली नव्हे. कर्जखात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा, सरफेसी कायद्याच्या कलम 13 (2) ची मागणी नोटीस, मूल्यांकन अहवाल, विक्री दाखला, लिलावाची रक्कम कशी वळती केली त्याचा हिशेब आणि बाकीबद्दल कोर्टाचा आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असल्यास हस्तांतराचा दस्त द्यावा. तोवर फोन व घरभेटी बंद ठेवाव्यात."

उतारा हाती आला की लिलावाची तारीख आणि पैसे खात्यात जमा झाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवा. मधले महिने व्याज चालूच ठेवलंय का? "इतर खर्च" या नावाखाली काय काय घातलंय? जप्तीचा आणि विक्रीचा खर्च वजा करायला कायद्याची परवानगी आहे, पण त्याचा तपशील मागायचा हक्क तुमचा आहे. कर्ज फिटून पैसे उरले असतील तर ते परत द्यावे लागतात, हेही तपासा. लिलावालाच आव्हान द्यायचं तर मुदत 45 दिवसांची, त्यामुळे जुन्या प्रकरणात ती वाट बहुधा बंद झालेली असते. हिशेबाची मात्र उघडी असते.

मुदत मोजा

उरलेल्या बाकीच्या दाव्याला साधारणपणे 3 वर्षं धरतात. ती कधीपासून मोजायची यावर वकील वाद घालतात, म्हणून शेवटचा हप्ता, शेवटची सही आणि विक्रीची तारीख एका कागदावर मांडून न्या. आधीच कोर्टाचा हुकूमनामा (वसुलीचा निकाल) झाला असेल तर गणित बदलतं, त्याची अंमलबजावणी 12 वर्षांपर्यंत मागता येते. 20 लाख किंवा त्यावरची मागणी असेल तर कोल्हापूरकरांना पुण्याचं न्यायाधिकरण, त्याखाली कसबा बावड्यातलं दिवाणी कोर्ट.

आपल्याकडे कर्ज बहुतेकदा सहकारी बँकेचं नाहीतर पतसंस्थेचं. सहकारी बँकेला सरफेसी लागू आहे, हे मुरगूडच्याच एका बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ठरवलं. पतसंस्थेला तो लागू नाही. ती सहकार कायद्याच्या कलम 101 खाली सहकार निबंधकाकडून वसुली दाखला घेते, म्हणून तिच्याकडे दाखल्याची प्रत मागा. जामीनदार बनलेल्या पाहुण्यांनाही हे सगळं सांगून ठेवा. तुम्ही गप्प राहिलात तर फोन त्यांच्याकडे जातो, आणि तेच आधी सही करून बसतात.

लोकअदालतीची नोटीस

दावा दाखल होण्यापूर्वीची ही नोटीस समन्ससारखी दिसते, पण तडजोड तुमच्या संमतीशिवाय होत नाही. तिथं सही केलीत तर तो निवाडा हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. आकडा पटला नसेल तर "मान्य नाही" म्हणा आणि घरी या. खरं समन्स आलं तर मात्र हजर राहाच, नाहीतर एकतर्फी निकाल लागेल. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

बँकेनं 30 दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन विनामूल्य तक्रार करता येते. गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे जा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात चुकीची बाकी दिसत असेल तर दुरुस्ती मागा. 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.