मळ्यातली केबिन वळवाच्या आधी जमिनीला बांधून घ्या

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. सुरुवात पत्र्याच्या शेडपासून झाली, आता निम्म्याहून जास्त ऑर्डरी तयार केबिनच्या, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर नेऊन ठेवायच्या पत्र्याच्या खोल्यांच्या असतात. तासगाव, कवठेमहांकाळकडचे द्राक्षवाले मळ्यावर राहायला घेतात, वाईच्या बाजूला कुणी सुट्टीची खोली म्हणून नेतं. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘स्क्वेअर फुटाला काय रेट?’ आणि दुसरा ‘त्यात पंखा धरलाय का?’ वारं सुटलं तर ही खोली जागेवर राहील का, असं विचारणारा वर्षाकाठी एखादाच भेटतो.

बहुतेकांची समजूत अशी, की एवढा लोखंडाचा डबा, हायड्रा (क्रेन) लावल्याशिवाय जो हलत नाही, तो वाऱ्यानं काय हलणार? म्हणून चार कोपऱ्यांना विटांचे नाहीतर सिमेंटच्या ठोकळ्यांचे थर लावायचे, त्यावर केबिन ठेवायची, झालं काम.

आता हिशोब बघा. वीस बाय दहाची केबिन साधारण दोन टनांची भरते. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ हे मानक आहे, त्याचा तिसरा भाग. त्यात पुण्यासमोर मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढं वारं रोज सुटत नाही, पण घर बांधताना धरायचा आकडा हाच. या वेगाला स्क्वेअर फुटामागे साडेआठ किलोच्या आसपास दाब बसतो. छतावरून जाणारं वारं छताला वर ओढतं. छत दोनशे स्क्वेअर फुटांचं, म्हणजे वरच्या दिशेला ओढ जवळजवळ पावणेदोन टनांची. दोन टनांतलं पावणेदोन टन वाऱ्यानंच उचलून धरलं, तर जमिनीवर वजन उरलं किती? त्याच वेळी लांब बाजूच्या भिंतीवर दीड टनाचा रेटा असतो. मग केबिन विटांवरून घसरते आणि वारं जास्त असेल तर कलंडते. आणखी एक लक्षात ठेवा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून ‘गेल्या वर्षी काही झालं नाही’ याला काही अर्थ नाही.

नवी केबिन घेताना

केबिन यायच्या आधी खड्डे खणून ठेवा. वीस फुटी केबिनला सहा पेडस्टल, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे: चार कोपऱ्यांना आणि दोन लांब बाजूंच्या मधोमध. दीड बाय दीड फुटाचं, अडीच फूट उंचीचं काँक्रीटचं एक पेडस्टल पावणेचारशे किलोच्या आसपास भरतं, आणि ते जमिनीत गाडलेलं असतं. रान काळं असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, वरवर ठेवलेलं पेडस्टल दोन वर्षांत तिरकं होतं आणि केबिनची दारं अडकायला लागतात. काँक्रीट ओततानाच प्रत्येकात १६ एमएमचे जे-बोल्ट (खालचं टोक वळवलेले बोल्ट) सोडायचे. केबिनच्या तळाच्या लोखंडी चॅनेलला खालून १० एमएमची बेस प्लेट वेल्ड करून घ्यायची, ती बोल्टांत बसवून वर डबल नट. नटावर ग्रीस लावून ठेवा, नाहीतर गंज धरला की उद्या केबिन हलवायची म्हटलं तर गॅसकटरच आणावा लागेल.

बनवणाऱ्याकडून एक कागदही लिहून घ्या: तळाचं चॅनेल कुठल्या साइजचं, पत्रा किती एमएमचा, पर्लिन (छताचा पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या) किती अंतरावर, आणि वाऱ्याचा वेग किती धरलाय. अमेरिकेत कारखान्यात तयार होऊन जागेवर नेलेल्या घरांसाठी १९७६ पासून केंद्र सरकारचा बांधणीचा नियम आहे. १९९२ साली अँड्र्यू चक्रीवादळानं दक्षिण फ्लोरिडात अशी घरं भुईसपाट केली, तेव्हा १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम आणखी कडक झाले. तिथं देशाचे वाऱ्याप्रमाणे तीन पट्टे पाडलेत आणि घर कुठल्या पट्ट्यासाठी बनवलंय, ते घरातच एका पाटीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे मळ्यातली केबिन तपासायला कुणी येत नाही, त्यामुळे ही पाटी तुम्हीच मागायची. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचा रेट कमी का आहे हे आपोआप कळतं.

जुनी केबिन नुसतीच ठेवलेली असेल तर

उचलून परत बसवायचा खर्च नको असेल तर वायर रोपनं बांधा. ८ एमएमचा दोर छतावरून आडवा टाकून दोन्ही बाजूंना जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला आणायचा. वीस फुटाला असे निदान चार दोर. छताच्या कडेवर दोराखाली अँगलचा तुकडा ठेवा, नाहीतर दोर पत्रा कापतो. ताण द्यायला प्रत्येक दोराला एका बाजूला टर्नबकल, म्हणजे फिरवून दोर ताणायचा आटा.

पुढचं जरा नीट वाचा, कारण हे काम करणारी पोरंही इथं घाई करतात. दोराचं टोक वळवून परत दोरावर आणतात आणि क्लिपा मारतात. क्लिपचे दोन भाग असतात, एक यू-बोल्ट आणि एक खाच असलेला जाड तुकडा. ओढ ज्या दोरावर येणार, त्यावर जाड तुकडा बसला पाहिजे. यू-बोल्टचा वळसा कापलेल्या टोकाच्या बाजूला. उलट मारलं की यू-बोल्ट ताणाच्या दोरालाच चेपतो आणि दोर तिथं कमजोर होतो. प्रत्येक टोकाला तीन क्लिपा, एका क्लिपवर भागवू नका. आठवड्यानं पाना घेऊन सगळ्या परत आवळा, कारण ताण बसला की दोर जरा बारीक होतो आणि क्लिपा सैल पडतात.

छतावरचे दगड

दगड, टायर, जुनं लाकडाचं खोड, काय काय ठेवतात लोक पत्र्यावर. दहा फुटी पत्र्याचं वजन बारा-तेरा किलो. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच पत्र्याला वर ओढणारा जोर दीडशे किलोच्या घरात जातो. त्यावर वीस किलोचा दगड ठेवून काय होणार? पत्रा जातो तो जातोच, दगड खाली कुणाच्या तरी डोक्यात येतो. दगड आजच उतरवा.

पत्रा धरायचा तो स्क्रूनं. छताच्या कडा आणि कोपरे इथं ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून कडेच्या पर्लिनवर प्रत्येक वरंब्याला सेल्फ स्क्रू हवा. मधे एकाआड एक चालतो. स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हानं चिरतो, तो नखानं दाबून बघा, कडक लागला तर बदला. स्क्रू आवळताना वॉशर कडेनं जरासा बाहेर डोकावला की थांबायचं. त्यापुढे पिळला तर पत्र्याला खोलगा पडतो आणि पाणी तिथंच साचतं.

पुढं पडवी काढायची हौस सगळ्यांना असते. काढा, पण तिचे खांब, पर्लिन वेगळे ठेवा. केबिनचाच पत्रा पुढं लांबवू नका. वारं पडवीखाली शिरतं आणि पत्रा उचकटतो. पडवी वेगळी असली तर एकटी जाते, जोडलेली असली तर घराचं छत बरोबर घेऊन जाते.

दाराचंही तसंच. वाऱ्याच्या तोंडचं दार उघडलं गेलं की आतून दाब आणि बाहेरून ओढ, दोन्ही एकदम छतावर येतात. पत्र्याच्या दाराची कडी त्यापुढं टिकत नाही, आतून आडणा (दारामागची आडवी दांडी) बसवून घ्या. वादळात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात असं काही जण सांगतात, त्यांचं ऐकू नका. सगळं बंद ठेवा.

छतावरची पाण्याची प्लॅस्टिकची टाकी वळवाच्या दिवसांत रिकामी ठेवायची नाही. शक्यतो ती वेगळ्या स्टँडवर, पट्टीनं बांधून ठेवा.

करंट आणि वीज

वादळापेक्षा पत्र्याच्या घरात मला भीती वाटते ती ओल्या भिंतीत उतरणाऱ्या करंटची. वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली असते, कड वायरीला घासत राहते, आणि पहिल्या पावसात भिंत झिणझिण्या मारते. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) किंवा पाइप हवा. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हवा. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, ट्रिप झाला नाही तर बदला. केबिनच्या सांगाड्याला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून अर्थिंग द्या.

आकाशातल्या विजेसाठी फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलंय, आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असली की आधी कळवतं. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनानं भागा, तेवढे किलोमीटर. ढग गडगडतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात असंच धरायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. चारी बाजू पत्र्याच्या आणि अर्थिंग नीट असलेल्या केबिनमध्ये असाल तर भिंतीला, नळाला हात न लावता मधोमध बसा. लाकडी खांबांवरचं उघडं शेड मात्र आडोसा नव्हे, आणि आंब्याचं झाड तर नाहीच नाही.

सोडायचं कधी

केबिन कितीही बांधली तरी मोठ्या वादळात ती राहायची जागा नाही. अमेरिकेतलं हवामान खातंही टोर्नेडोचा इशारा आला की बांधलेलं घरसुद्धा सोडून पक्क्या इमारतीत जा, असंच सांगतं. मळ्यावरून जवळचं स्लॅबचं घर कुठलं, तिथं जायला किती वेळ लागतो, आणि रात्री दार कोण उघडेल, हे आधी ठरवा. शेजारच्या वस्तीवरच्या काकांशी एकदा बोलून ठेवा, ‘काका, वारं उठलं तर आम्ही पोरं घेऊन येणार’ एवढंच. पश्चिमेकडं काळं धरलं, गार झुळूक आली की निघा. झाडं वाकायला लागल्यावर निघू नका. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तो फोनमध्ये घालून ठेवा.

पाटण, महाबळेश्वर बाजूला उतारावर केबिन ठेवणाऱ्यांनी मागचा डोंगर कापून जागा करू नये. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगावात दरड घरांवर आली. तिथं जमिनीतले बोल्ट काय करणार?

नदीकाठची केबिन

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता केबिनचा हिशोब: दोनशे स्क्वेअर फुटांची, दोन टनांची केबिन आत पाणी शिरलं नाही तर तळापासून फक्त चार इंच पाण्यात तरंगायला लागते. पफ पॅनेलची (मधे फोम भरलेल्या हलक्या पत्र्याची) आणखी लवकर. म्हणजे बोल्ट वाऱ्यासाठी लावले तरी पुरातही तेच तिला धरून ठेवतात. हलवायची नसेल तर निघताना सामान वर काढा, गॅसची टाकी काढून न्या, मेन बंद करा आणि दार उघडं टाकून या. पाणी आत शिरलं तर केबिन खराब होईल, पण जागेवर राहील. बंद ठेवली तर वाहत जाऊन दुसऱ्याच्या भिंतीवर आदळेल.

हलवायची असेल तर कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली त्याच दिवशी हायड्रावाल्याला फोन करा. पुलाजवळ पस्तीस फूट झालं की सगळ्यांना एकदम हायड्रा लागतो, भाडं दुप्पट होतं आणि रानातल्या चिखलात तो उतरायलाच तयार होत नाही. बोल्टाचे नट सुटतात का, ते मेमध्येच एकदा फिरवून बघितलेलं बरं.

वादळ किंवा पाणी ओसरल्यावर ओल्या पत्र्यावर चढू नका, लोंबणारी वायर काठीनंही बाजूला करू नका, आधी वीजवाल्यांना कळवा. आवराआवर करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला सांगा. मेन चालू करायच्या आधी वायरमनकडून इन्सुलेशन तपासून घ्या. पुराचं पाणी लागलेले स्विच, सॉकेट वाळवून परत वापरू नका, सरळ नवे बसवा.