अफिलिएट लिंक लपवून भागत नाही: कमिशन कुठे गळतं ते आधी शोधा

जूनच्या पहिल्या सरींबरोबर मुंबईत छत्री, रेनकोट, बॅगेची कव्हरं शोधणारे वाढतात आणि अशा वस्तूंच्या अफिलिएट लिंक, म्हणजे जिच्यावरून खरेदी झाली की देणाऱ्याला कमिशन मिळतं ती लिंक, देणाऱ्यांचे क्लिकही. क्लिक वाढूनही ऑर्डर जिथल्या तिथे राहिल्या, तर लोक नुसते बघून जातात असं समजून सोडून देऊ नका. तुमचं कमिशन दुसराच कुणी आपल्या नावावर वळवत असू शकतो. लिंक लपवली, म्हणजे तिचा खरा पत्ता स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यामागे झाकला, की काम झालं असं नाही. चोरी कुठे होतेय ते आधी शोधा, कारण प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे.

एकच ट्रॅकिंग आयडी, म्हणजे लिंक तुमची आहे हे सांगणारा कोड, सगळीकडे वापरू नका. वेबसाइटला एक, टेलिग्राम चॅनलला दुसरा, यूट्यूबला तिसरा. मग पंधरा दिवस रोज दोन आकडे लिहून ठेवा: तुमच्या साइटवर मोजलेले क्लिक आणि कमिशन देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलवर (तुमच्या खात्याच्या पानावर) दिसणारे क्लिक. ते तंतोतंत जुळणार नाहीत, बॉटमुळे, म्हणजे आपोआप साइट चाळणाऱ्या प्रोग्राममुळे, तुमच्याकडचा आकडा फुगतो. पण दोघांचं प्रमाण साधारण तेच राहतं. पॅनेलवरचे क्लिक एकाएकी घसरले, तर लिंक वाटेतच बदलली जात असण्याची दाट शक्यता आहे. क्लिक जुळतात पण ऑर्डर घटल्या, तर माल संपलाय का, भाव चढलाय का ते आधी बघा. तसं काही नसेल तर संशय चेकआउटवर, म्हणजे दुकानात पैसे भरण्याच्या टप्प्यावर, घ्यायचा.

लिंक बदललीय का, हे स्वतःच्या लॅपटॉपवर बघून कळत नाही. साइटमध्ये शिरलेला कोड बऱ्याचदा लॉगिन केलेल्या मालकाला खरी लिंक दाखवतो आणि गूगलवरून आलेल्या पाहुण्याला बदललेली. म्हणून फोनचं वाय-फाय बंद करा, इन्कॉग्निटो उघडा आणि गूगलवर शोधून आपल्याच पानावर या. लिंकवर बोट दाबून ठेवलं की पत्ता दिसतो, तो वाचा. मग ती ॲपमध्ये न उघडता ब्राउझरमध्येच उघडा आणि वरच्या पत्त्यात 'tag' (टॅग) शब्दापुढचा आयडी बघा. ॲमेझॉनच्या भारतातल्या आयडीच्या शेवटी -21 असतं. चोराच्याही असतं, त्यामुळे पूर्ण आयडी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. दोन्ही ठिकाणी बघायचं कारण असं, की काही कोड दाबण्याच्या क्षणीच लिंक फिरवतो. खरेदी करून तपासू नका. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेली वस्तू ॲमेझॉनच्या नियमात बसत नाही.

आयडी परका निघाला तर साफसफाईआधी स्क्रीनशॉट घ्या, पोलीस तक्रारीला तेच लागतात. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. मग अनोळखी ॲडमिन काढा, सगळे पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, आणि फुकटात मिळवलेली पायरेटेड थीम किंवा प्लगइन असेल तर ते आधी उडवा. घाण बहुतेकदा तिथूनच येते. अफिलिएट खात्यातला बँक खाते क्रमांकही बघून घ्या.

लिंक स्वतःच्या डोमेनवरून फिरवत असाल तर रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणं) ३०१ म्हणजे कायमचं नको, ३०२ किंवा ३०७ म्हणजे तात्पुरतं ठेवा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, मग तुम्ही केलेली दुरुस्ती जुन्या वाचकापर्यंत पोचतच नाही. पत्त्यात कुठलीही लिंक घालता येईल अशी सोय ठेवू नका. भामटे तुमच्या नावाने फसवे दुवे पाठवतील. क्रमांक आणि त्यापुढे ठरलेली लिंक, एवढाच तक्ता पुरे. ॲमेझॉनच्या बाबतीत मात्र लिंक ॲमेझॉनला जाते हे ग्राहकाला कळलंच पाहिजे, म्हणून तिथे त्यांचीच छोटी लिंक वापरा.

चेकआउटची चोरी सगळ्यात चिवट. ग्राहक तुमच्या लिंकवरून दुकानात पोचतो, पैसे भरताना ब्राउझरमधलं कूपन एक्स्टेन्शन (सवलतीचे कोड शोधणारा जोड-प्रोग्राम) पुढे येतं आणि आपली कुकी, म्हणजे ग्राहक कुणाच्या लिंकवरून आला याची नोंद, टाकतं. बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्लिकला कमिशन, म्हणून तुमचा हक्क जातो. लिंक कितीही लपवा, इथे उपयोग नाही. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोम वेब स्टोअरचे नियम कडक केले: ग्राहकाला प्रत्यक्ष फायदा न देता अफिलिएट कोड घालायला मनाई आहे. तसं करणारं एक्स्टेन्शन सापडलं तर स्टोअरवर तक्रार करा. दुकानाशी थेट करार असेल तर तुमच्या नावाचा कूपन कोड मागा आणि त्या कोडवरची ऑर्डर तुमचीच धरली जाईल, कुकी कुणाचीही असो, हे ईमेलवर लिहून घ्या. दुकानं आणि लिंक देणारे यांना जोडणाऱ्या अफिलिएट नेटवर्कच्या मॅनेजरला विचारा, आधी दुसऱ्याचा क्लिक असेल तर कूपनवाल्यांनी मागे राहायचं, असा नियम आहे का. नसेल, तर घट दिसलेल्या दिवसांचे दोन्ही आकडे जोडून तो मागा.