ॲव्होकॅडोला पाड लागत नाही: तोडणी आणि पिकवणीचा सल्ला

आंब्याला पाड लागला की आपण तोडणीला लागतो. ॲव्होकॅडोत तसं करता येत नाही, कारण हे फळ झाडावर पिकतच नाही. तोडल्यावरच ते मऊ पडायला लागतं. म्हणून सगळा माल एकदम उतरवू नका. तयार फळ झाडावर काही आठवडे टिकतं, तेव्हा मागणी येईल तशी तोडणी करा. मात्र फार लांबवलीत तर गळ होते आणि पुढच्या बहरावरही ताण येतो.

फळ तयार झालंय का, हे आधी पाहा. वेगवेगळ्या झाडांवरची चार-पाच फळं घरात ठेवा. आठ-दहा दिवसांत न सुरकुतता मऊ झाली, तर बाग तयार आहे. सुरकुतून रबरासारखी चिवट झाली, तर थांबा. कापल्यावर बियांवरचं साल पांढरं असेल तर फळ कोवळं, तपकिरी आणि कागदासारखं पातळ असेल तर तयार. हास जात असेल तर 10 ग्रॅम गर किसून पूर्ण वाळवा आणि वजन करा. 2.1 ग्रॅमच्या खाली भरलं तर तोडू नका. कॅलिफोर्नियात हासला किमान 20.8 टक्के शुष्कांश (गर वाळवल्यावर उरणारा भाग) लागतो.

पावसाळ्यात ओलं फळ तोडू नका, कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. उघडीप बघून कात्रीने, थोडा देठ ठेवून कापा. ओढून तोडलं की देठाकडून बुरशी शिरते. क्रेट लगेच सावलीत न्या.

माल थांबवायचा असेल तर कडक हास 5 ते 7 अंशांवर ठेवा. उष्ण भागातल्या हिरव्या सालीच्या जातींना एवढी थंडी सोसत नाही, गर काळा पडतो. त्यांना 12-13 अंश ठीक. त्याच खोलीत पिकलेली केळी किंवा आंबे नकोत, त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीनने, म्हणजे फळ पिकवणाऱ्या वायूने, सगळा माल मऊ पडेल.

पिकवायचं असेल तेव्हा हेच इथिलीन कामाला येतं: रायपनिंग चेंबरमध्ये 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग), 18 ते 20 अंश, एक ते दोन दिवस. थोडाच माल असेल तर कागदी पिशवीत पिकलेलं केळं घाला. पेंढ्याची गरम अढी मात्र लावू नका. 25 अंशांच्या वर फळ एकीकडे मऊ, दुसरीकडे कडक राहतं. कार्बाइडला तर कायद्यानेच बंदी आहे, आणि ते विषारीही आहे.

पिकलंय का हे अंगठ्याने दाबून बघू नका. वरून काही दिसत नाही, पण कापल्यावर गिऱ्हाइकाला तिथेच काळा डाग सापडतो. फळ तळहातात घेऊन हलकेच मूठ आवळा. सगळीकडून सारखं दबलं तर त्याच दिवशी बाजारात पाठवा.